लग्नासाठी कर्ज काढावे काय?



घरात लग्न ठरले की पहिला प्रश्न पैशाचा येतो. मंडप, जेवणावळ, दागिने, कपडे, मानपान, बँड यांची यादी वाढत जाते आणि शेवटी "थोडे कर्ज काढू, वर्षभरात फेडू" असे ठरते. हे कर्ज योग्य की अयोग्य, याचा विचार भावनेच्या भरात न करता धम्माच्या आणि हिशेबाच्या आधारे करावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

१) धम्म काय सांगतो?

तथागतांनी गृहस्थाला गरीब राहा असे कधीच सांगितले नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यातील तिसरे ते 'अनण सुख'. त्याच निकायातील इण सुत्तात कर्जदाराची अवस्था पायरीपायरीने मांडली आहे. दरिद्री माणूस कर्ज घेतो, व्याज कबूल करतो, मुदत टळली की तगादा लागतो, मग सावकार पाठ सोडत नाही आणि शेवटी बंधन येते. आजच्या कर्जदारालाही या पायऱ्या ओळखीच्या वाटतील.

मग सर्वच कर्ज वाईट काय? तसे नाही. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात एक दृष्टांत आहे. एक माणूस कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, तो कर्ज फेडतो, शिवाय कुटुंबाच्या पोषणापुरते उरते आणि तो आनंदित होतो. येथे कर्जातून कमाई निर्माण झाली. लग्नाच्या जेवणावळीतून कमाई निर्माण होत नाही. हा भेद आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक संकटासाठी राखून ठेवण्यासाठी. लग्न हे संकट नव्हे. मुलगी किंवा मुलगा वयात येणार हे आपल्याला कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. म्हणून त्याचा खर्च उपभोगाच्या भागातून, आधीपासून साठवून झाला पाहिजे.

२) आपल्या महापुरुषांची दिशा

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीशिवाय, अत्यल्प खर्चात सत्यशोधक विवाह लावून दाखविला. परमपूज्य बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत मातांना बजावले, की लग्न ही एक जबाबदारी आहे आणि ती पेलण्याची आर्थिक ऐपत येण्यापूर्वी ती मुलांवर लादू नये. ज्या जोडप्याचा संसार कर्जाच्या हप्त्याने सुरू होतो, त्याच्यावर आपण ही जबाबदारी दुप्पट करून लादतो.

३) दोष फक्त लग्नाचा काय?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने असे नोंदविले, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेली लहान लहान कर्जेच रयतेला जास्त बुडवितात. म्हणजे गरिबाला "तुम्ही लग्नात उधळता म्हणून गरीब" असे हिणविणे बरोबर नाही. परंतु ज्याच्या घरी दवाखान्याचे आणि शाळेच्या फीचे देणे आधीच आहे, त्याने त्यावर लग्नाचे कर्ज चढविले तर तो वर येत नाही, हेही तितकेच खरे.

४) हिशेब मांडून पाहू

समजा, एक लाख रुपये खाजगी सावकाराकडून महिना शेकडा ५ दराने घेतले. दरमहा ५,००० रुपये फक्त व्याज. वीस महिन्यांत एक लाख भरून होतात आणि मुद्दल जशीच्या तशी उभी राहते. तीच रक्कम बँकेकडून वार्षिक १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतली तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये पडतो आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाते. आणि दरमहा २,००० रुपये चार वर्षे साठविले तर व्याज सोडूनही ९६,००० रुपये हाती येतात. तिन्ही आकडे घरातील सर्वांनी, विशेषतः वधू-वरांनी, एकत्र बसून पाहावेत.

जामीनदार राहणाऱ्यांनीही सावध असावे. कर्जदाराने हप्ते थकविले तर कायद्याने वसुली जामीनदाराकडूनही होते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, म्हणून कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही कधीही करू नये.

५) मार्ग कोणता?

बौद्ध विवाहाला मुहूर्त लागत नाही, हुंडा लागत नाही. त्रिशरण, पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा आणि साक्षीला समाज, एवढ्यात विवाह पूर्ण होतो. मुहूर्त नसल्यामुळे गर्दीचा हंगाम टाळून कार्यालय, आचारी स्वस्तात ठरविता येतात. बुद्धविहारात लग्न लावता येते. साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकावे. हळदीचा वेगळा खर्च टाळावा. खर्च दोन्ही पक्षांनी वाटून घ्यावा. सामुदायिक विवाहासाठी शासनाच्या अर्थसाहाय्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

तरीही थोडी उणीव राहिलीच तर? मग आधी खर्च कमी करावा. त्यानंतरही लागले तर बचत गट, पतसंस्था किंवा बँक यांच्याकडून, वर्षभरात फिटेल एवढेच घ्यावे. मात्र शेत, घर किंवा धाकट्या मुलांच्या शिक्षणाची ठेव गहाण पडणार असेल तर कर्ज घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुणे जेवून एका दिवसात जातात. शाळा सुटलेले मूल पुन्हा शाळेत जाईलच असे नाही.

यात समाजाचीही जबाबदारी आहे. साध्या लग्नाला नावे ठेवणारे आपणच असतो आणि कर्जबाजारी झालेल्याची कीव करणारेही आपणच. ऐपत असलेल्यांनी आपल्या घरचे लग्न साधेपणाने केले, तर ऐपत नसलेल्याला कर्ज काढण्याची वेळ येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न :
१. इण सुत्तातील कोणत्या पायऱ्या आपल्या वस्तीत दिसतात?
२. धंद्यासाठी काढलेले कर्ज आणि लग्नासाठी काढलेले कर्ज यांत फरक काय?
३. आपल्या विहारात लग्नखर्चाची मर्यादा ठरविता येईल काय?

जयभीम!