आधी पोकलेनची पाटी वाच

अगं, डेव्हनमध्ये शेत घेतलंस त्याबरोबर बांधांवरची ती उंच काटेरी कुंपणंही तुझ्या गळ्यात आली. आता दारातल्या पाच टनी पोकलेनलाच कटर जोडायचा म्हणतेस. विचार चांगला आहे बघ. तिथली कुंपणं मातीच्या बांधावर वाढलेली असतात आणि ती कापायच्या दिवसांत जमीन ओलीगच्च असते. ट्रॅक्टरची चाकं जिथे रुततात तिथे पोकलेन आपल्या पट्ट्यांवर उभं राहतं आणि जागेवरूनच हात लांब करून बांधाचा माथा गाठतं.

पण ते कॅटलॉग आधी मिटव. खरं सांगू का, कटर कुठला घ्यायचा हे तुझ्या यंत्राचं तेल ठरवतं. दगड फोडायच्या ब्रेकरसाठी बूमवरून जी जादा लाइन आलेली असते ना, तिच्यातून मिनिटाला किती लिटर तेल येतं आणि किती बारच्या दाबाने, हे दोन आकडे यंत्राच्या पाटीवरचं मॉडेल बघून मॅन्युअलमधून काढ. पाच टनी यंत्राला साधारण 60 ते 80 लिटर मिळतं. तुझं यंत्र जुनं आहे, पंप झिजलेला असू शकतो, म्हणून मेकॅनिककडून फ्लो-मीटर लावून एकदा मोजूनच घे. तेल कमी पडलं तर कटर मंद फिरतो आणि फांद्या कापण्याऐवजी फाडतो. जास्त झालं तर मोटर हवी त्यापेक्षा जोरात पळते आणि बेअरिंगं जातात.

आता कटरचे प्रकार. फिंगर-बार, म्हणजे कात्रीसारखी मागेपुढे सरकणारी पाती, थोड्या तेलावर चालतो आणि सुबक कापतो, पण तो वर्षा-दीड वर्षाच्या कोवळ्या वाढीसाठी. शिवाय फांद्या अख्ख्या खाली पडतात. ब्लॅकथॉर्नच्या झुडपाचे काटे टायरमधून आरपार जातात, त्यामुळे रस्ता झाडून काढावाच लागतो. फ्लेल, म्हणजे पाती लावलेला फिरता रोटर, सगळ्याचा चुरा करतो, म्हणून आवराआवर कमी, पण त्याला तेल भरपूर लागतं. मनगटाएवढ्या फांद्यांना मात्र गोल करवतींचा कटर हवा. तुझी कुंपणं बरीच वर्षं कुणी हात न लावलेली आहेत. माझं ऐक, पहिल्या खेपेला करवतींचा कटर भाड्याने आण आणि विकत घे तो फ्लेल.

आणि हे नीट ऐक, कारण इथेच माणसं फसतात. फ्लेलच्या मोटरला दोन जाड पाइप असतात, एक तेल येण्याचा आणि एक परत जाण्याचा. बऱ्याच मोटरींना तिसरा एक बारीक पाइप असतो, त्याला केस ड्रेन म्हणतात. मोटरच्या आत झिरपलेलं तेल त्यातून थेट टाकीत गेलं पाहिजे, वाटेत काहीही अडथळा नको. कुणी म्हणालं की 'तो परतीच्या लाइनमध्येच जोडून टाकू', तर ठाम नाही म्हण. परतीचा दाब मोटरच्या पोटात शिरतो आणि शाफ्टचं सील फुटतं. ब्रेकरपुरती लाइन असलेल्या यंत्रावर हा तिसरा पाइप बहुधा नसतोच, तो टाकून घ्यावा लागतो. त्या खर्चाला कां कूं करू नकोस. फ्लेल बंद केला तरी तो जड रोटर काही वेळ फिरतच राहतो, त्यामुळे तेल एकदम अडवलं तर मोटरला हिसका बसतो. तेव्हा त्यासाठी व्हॉल्व्ह बसवलेला आहे का, हेही विक्रेत्याला विचार.

जोडताना कपलिंगची दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पूस. धुळीचा कण तेलात गेला तर तो सगळ्या यंत्रात फिरतो. आधी इंजिन बंद करून लाइनमधला दाब सोड, म्हणजे कपलिंग हाताने सहज बसतं. खट्ट आवाज आला की कडं फिरवून लॉक कर. अवजार चटकन बदलायच्या क्विक हिचच्या पिनचा व्यास आणि दोन कानांमधलं अंतर स्वतः मोजून ने, टनावरून अंदाज बांधू नकोस. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा धर, हात कधीच नाही गं! त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

घाबरलीस ना? घाबरू नकोस. इतकी मोठी शेती अंगावर घेतलीस, हे तर तुला सहज जमेल. फक्त केबिनच्या पुढच्या काचेवर जाड पॉलिकार्बोनेटचं कवच बसव आणि फ्लेल चालू असताना आसपास माणूस, कुत्रं, काही नको. फ्लेल दगड गोळीसारखे फेकतो. वर विजेच्या तारा बघ. लाकडी खांबांवरच्या तारांपासून आडवं 9 मीटर किंवा पोलादी मनोऱ्यांच्या तारांपासून 15 मीटरच्या आत काम असेल, तर आधी वीजवाल्यांशी बोल. त्यांचा 105 नंबर केबिनमध्ये चिकटवून ठेव.

आणि घाई अजिबात करू नकोस. 2024च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये शेतातली कुंपणं 1 मार्च ते 31 ऑगस्ट, थोडे अपवाद सोडले तर, कापता येत नाहीत. आत पक्ष्यांची घरटी असतात. सगळं कुंपण दरवर्षी कापायचीही गरज नाही. कुंपणातल्या हॉथॉर्नच्या झुडपांना फुलं जुन्या लाकडावर येतात, म्हणून दोन-तीन वर्षांआड पाळीपाळीने काप, म्हणजे हिवाळ्यात पाखरांना लाल फळं मिळतील.

उद्या सकाळी पोकलेनच्या पाटीचा आणि पिनांचा फोटो काढून मला पाठव. मग विक्रेत्याला फोन लाव आणि किंमत विचारायच्या आधी केस ड्रेनचं विचार. तो अडखळला तर दुसरा विक्रेता बघू.