टोकियोतला पहिला महिना आणि डिझाइनची विद्यार्थिनी

टोकियोत शिकायला गेलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त छळतात ती लेबलं. न्हाणीघरात एकाच आकाराच्या दोन बाटल्या, दोन्हींवर जपानी मजकूर. शाम्पू कुठला आणि कंडिशनर कुठला? बाटलीच्या कडेवरून बोट फिरवलं की एकीवर बारीक उंचवटे लागतात, तो शाम्पू. डोळे मिटलेले असताना किंवा दृष्टीच नसताना हातानं ओळखता यावा म्हणून काओ कंपनीनं १९९१ मध्ये ही खूण आणली, पुढे इतरांनीही ती उचलली. दुधाच्या खोक्याच्या वरच्या कडेलाही अशीच एक अर्धगोल खाच असते.

डिझाइन शिकायला निघालेल्या मुलीला याहून चांगला पहिला धडा कुठल्या वर्गात मिळेल, असं मला वाटत नाही. घरी मात्र याच दिवसांत फोन येतो तो रडवेल्या आवाजात, आणि इकडे आईबाबा एकमेकांकडे बघायला लागतात: आपण घाई तर नाही केली? माझं पालकांना आग्रहाचं सांगणं आहे की पहिल्या महिन्यावरून निर्णयाचा निकाल लावू नका. हा महिना शिक्षणाचाच भाग आहे. फक्त त्यासाठी आधीची तयारी पक्की हवी.

कागदपत्रांपासून सुरुवात करू, कारण खरी दमछाक तिथेच होते. विद्यार्थी व्हिसावर नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरलं की तिथेच रेसिडेन्स कार्ड हातात पडतं. अर्धवेळ कामाची परवानगी हवी असेल तर तिचा अर्जही तिथेच करता येतो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तिथल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याचं काम उरकून घ्यावं. मग दवाखान्याच्या बिलाचा साधारण ३० टक्के भागच स्वतः भरावा लागतो. वयाची २० वर्षं पूर्ण झाली असतील तर राष्ट्रीय पेन्शन योजनेतही नाव येतं. विद्यार्थ्यांना त्याचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. घरी हप्त्याचं पाकीट येऊन पडलं की मुलं घाबरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फोन आणि बँक यांचा गुंता वेगळाच. बँक फोन नंबर मागते, फोनवाले खातं किंवा कार्ड मागतात, आणि दोघांनाही रेसिडेन्स कार्डावर छापलेला पत्ता हवा असतो. म्हणून आधी पत्ता, मग फोन, मग बँक, हा क्रम सोडू नये. खातं सुरू होऊन पैसे पोचेपर्यंत निभावेल इतकी येनमधली रोकड जवळ हवी. भाड्याची खोली घ्यायची तर अनामत रकमेशिवाय घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे आणि हमीदार कंपनीचं शुल्कही अनेक ठिकाणी भरावं लागतं. निदान पहिलं वर्ष तरी वसतिगृह मिळत असेल तर तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ मला नेहमी खटकते: ‘उरलेली फी ती काम करून भरेल.’ कायद्यानं आठवड्याला २८ तासच काम करता येतं. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. डिझाइनचा अभ्यासक्रम रात्री खातो. मॉडेल बनवायचं, ते मोडायचं, पुन्हा बनवायचं. त्यात रोज संध्याकाळी रेस्टॉरंटात भांडी घासणाऱ्या मुलीचं काम वर्गात मागे पडणारच. अर्धवेळ कामातून हातखर्च निघावा आणि बोलायचा सराव व्हावा, इतकीच अपेक्षा धरा. फीची सोय पूर्ण झालेली असेल तरच पाठवा.

आता शहराकडे येऊ. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की पायाखाली पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या लागतात. दृष्टिहीनांसाठीची ही फरशी सेइची मियाके यांनी शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामात ती पहिल्यांदा बसवली गेली. आज ती आपल्या मेट्रो स्थानकांवरही आहे, पण तिच्याकडे आपण बघितलेलं नसतं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी जपानी डिझायनरांनी खेळांची आणि सोयीसुविधांची चित्रचिन्हं आखली, कारण येणाऱ्या पाहुण्यांना जपानी वाचता येणार नव्हतं. तुमची मुलगी आज त्याच पाहुण्यांच्या जागी उभी आहे. मेट्रोच्या स्थानकांना दिलेली अक्षरं आणि आकडे, कचरा वेगळा करण्याचा वॉर्ड ऑफिसचा सचित्र तक्ता, मेट्रोच्या डब्यात लटकणाऱ्या बी-३ आकाराच्या जाहिराती, हे सगळं तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत असतं. वर्षभरात ती सराईतपणे वाचायला लागेल आणि मग ही नजर राहणार नाही. म्हणून रोज एक वस्तू किंवा खूण वहीत काढावी, शेजारी माप लिहावं, ती कोणासाठी केली आहे आणि कुठे फसते हेही लिहावं. पुढे पोर्टफोलिओत अशी दहा पानंसुद्धा चकचकीत लोगोंपेक्षा वजनदार ठरतात. (जाता जाता: जपानचे बी-मालिकेचे कागद आंतरराष्ट्रीय मापापेक्षा थोडे मोठे असतात. तिथला बी-४ हा २५७ बाय ३६४ मिलिमीटरचा. पोर्टफोलिओच्या फायली तिकडेच घ्याव्यात.)

वर्ग सुरू झाले की दुसरा धक्का बसतो तो पेन्सिलीचा. जपानी मुलं कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी खास शिकवणीत एक-दोन वर्षं वस्तुचित्रणाचा सराव करून आलेली असतात. प्लास्टरचे पुतळे, हात, काचेचे पेले त्यांनी इतक्यांदा काढलेले असतात की त्यांच्या शेजारी आपली रेघ पोरकी वाटते. ‘माझ्यात गुणच नाहीत’ हे वाक्य घरी ऐकू येतं ते साधारण या सुमारास. ते खरं मानू नका. तो सरावातला फरक आहे आणि सरावानं बराच भरून निघतो. मुसाशिनो, तामा यांसारख्या कला विद्यापीठांकडे डोळा असेल तर इथे असतानाच रोज तासभर पेन्सिल चालवायला लावा. सामूहिक समीक्षेच्या दिवशी मात्र केलेल्या कामाचं कारण सांगता यावं लागतं, तेही जपानीत. तिथे सुंदर रेघ असूनही मुकं राहणारी मुलं अडकतात.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी मुलीला माशांच्या अर्काची सवय नसते आणि तो बऱ्याच रश्श्यांत, सॉसमध्ये असतो. कणीक, डाळी, मसाले टोकियोच्या शिन-ओकुबो भागातल्या दुकानांत मिळतात. एदोगावा भागातल्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथेही मिळतात. त्यामुळे पीठ-डाळींनी बॅगेचं वजन वाढवू नका.

फोनची वेळही ठरवून घ्या. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही रात्री नऊला जेवणं आटोपून निवांत फोन लावता तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. आपली संध्याकाळची पाच-साडेपाचची वेळ बरी. ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ हे विचाराच, पण ‘आज वहीत काय काढलंस, दाखव’ हेही विचारा. त्या उत्तरातून मुलगी सावरते आहे की नाही हे जास्त नेमकं कळतं.

राहिली भाषा. तिच्यावाचून बाकीची तयारी लंगडी पडते, कारण पदवीचे बहुतेक डिझाइन अभ्यासक्रम जपानीतून चालतात. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात तिचं केंद्र आहे आणि शिकवणारेही भरपूर आहेत. आपल्याकडे बारावीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो, जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मधले दहा-अकरा महिने प्रवेशाच्या खटपटीत वाया जाऊ देऊ नका, भाषेला द्या. जेएलपीटीची एन-२ पातळी गाठून गेलेली मुलगी थेट प्रवेशाचा विचार करू शकते. ती गाठली नसेल तर तिथल्या भाषा-शाळेची एक ते दोन वर्षं आणि त्यांचा खर्च आधीच धरून चाला. मुलगी आज अकरावीत असेल तर पहिला वर्ग याच महिन्यात लावा.