इसाराआधी चौकट ठोकून पाहा

मुकुंदवाडीत घराचा सौदा निघाला की गिऱ्हाईक काय बघतं? गुंठेवारीची फाइल, मालमत्ता कराची पावती, रस्ता किती फुटी, नळ आहे का, दार कुठल्या दिशेला. हे सगळं बघायलाच हवं. पण खाली वाकून चौकटीच्या पायाला हात लावणारा माणूस क्वचित दिसतो. मी सुतार. दारं-खिडक्या बसवतो, म्हणून ओळखीचे लोक सौद्याआधी घर दाखवायला नेतात. कधी विकणारा नेतो, कधी घेणारा. अमेरिकेत माजी सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळतं, तिथे अनेक राज्यांत लाकूड खाणाऱ्या किड्यांच्या तपासणीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल जोडावाच लागतो. आपल्याकडे असा कागद मागायची पद्धत नाही. म्हणून ही तपासणी विकणाऱ्याने स्वतःच करून घ्यावी, या मताचा मी आहे. ती कशी करायची, ते कामातून जसं कळत गेलं तसं सांगतो.

१. आधी पाणी शोधा, लाकूड नंतर.

वाळवीचं वारूळ जमिनीत असतं आणि तिचं अंग इतकं नाजूक की उघड्या हवेत ती सुकून मरते. तिला ओल लागते. आता आपल्या शहराची तऱ्हा बघा. पैठणच्या जायकवाडीतून पाणी येतं, पण नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने. त्यामुळे मुकुंदवाडी, रामनगर, ठाकरेनगर, कुठेही जा, घराला हौद असतोच. जागा लहान, म्हणून हौद पोर्चखाली किंवा जिन्याखाली, थेट घराच्या भिंतीला लागून. जुना झाला की तो बारीक झिरपतो. वरून काही दिसत नाही, पण बाजूचा मुरूम वर्षभर ओला राहतो. भर उन्हाळ्यात सगळी माती भेगाळलेली असते, तेव्हाही तिथे ओल असते.

म्हणून घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, हौद कुठे आहे? त्या बाजूची खोली, तिचं स्कर्टिंग, तिथली चौकट. मग न्हाणीघराचं दार. तिथल्या चौकटीचे पाय कायम ओले असतात आणि रंगाखाली गुपचूप सडतात. दर्शनी दरवाजा सागवानी, पॉलिश केलेला आणि झकास असतो. गिऱ्हाईक त्यालाच हात लावून खूश होतं. पण बहुतेक घरांत वाळवी मागच्या बाजूने आत येते.

२. मातीची नळी पुसून टाकू नका.

भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसते ना, तो वाळवीचा झाकलेला रस्ता. ती सापडते कोपऱ्यात: कपाटामागे, गॅसच्या टाकीमागे, मीटरच्या लाकडी फळीखाली. एका घरात लोखंडी कपाट सरकवलं, तर रेघ फरशीच्या सांध्यातून निघून सरळ स्विचबोर्डात शिरली होती. वायरच्या पाइपातून ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत पोचली होती. मी स्क्रू-ड्रायव्हरने मधली दोन बोटं नळी उकरली. आत पांढुरके, तांदळाच्या दाण्याहून बारीक किडे उलट्या दिशेने पळाले. घरमालकीण बाई म्हणाल्या, "मिस्त्री, दिवाळीला रंग दिला तेव्हा इथे काहीच नव्हतं हो."

नळी मोडून तशीच सोडायची, बाजूला पेनने तारीख लिहायची. चार-सहा दिवसांनी बघायचं. ताज्या, ओलसर मातीने भोक बुजलं असेल तर वाळवी जिवंत आहे. नाही बुजलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण ती वाट सोडून दुसरीकडून गेलेली असू शकते. पण कोरडी, भुसभुशीत, रिकामी नळी आणि आजूबाजूला काहीच नाही, असं असेल तर बहुधा जुनं दुखणं आहे. एजंट सांगतात, पुट्टी मारा, रंग द्या, सौदा होऊन जाऊ द्या. तसं करू नका. नळी पुसली की वाळवी कुठून येते आहे हेच कळेनासं होतं, आणि औषध मारणाराही मग अंदाजाने भोकं पाडत बसतो.

३. लाकूड बोलतं, ते ऐका.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत जायची. भरीव लाकूड ठक्क वाजतं. खाल्लेलं लाकूड बद्द वाजतं. तिथे टोक दाबलं की रंगाचा पापुद्रा फुटून ते आत जातं आणि मातीने भरलेल्या पोकळ्या दिसतात. सागवान आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की सागाचा गाभा टिकतो, कडेचा पांढरट भाग टिकत नाही. स्वस्तात दिलेल्या सागवानी चौकटीत तो पांढरा भाग हमखास निघतो. जुन्या गावठाणात अजून एखादं माळवदाचं घर उरलंय. तिथे तुळईची भिंतीत गेलेली टोकं तपासायची, मधला भाग नव्हे. भिंतीतली ओल टोकालाच लागते, आणि टोक गेलं की वरच्या मातीचा सगळा भार धोक्यात येतो.

४. पीठ पडत असेल तर ती वाळवी नव्हे.

दिवाणाखाली मैद्यासारखी बारीक भुकटी आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर तो भुंगेऱ्याचा प्रकार. आमच्या भागात चिकलठाणा एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या पॅकिंगचं लाकूड स्वस्त मिळतं, त्याचे दिवाण-फडताळं बरीच होतात आणि त्यांत हा किडा निघतो. इथे जमिनीत औषध सोडून काही उपयोग नाही. ती वस्तू बाहेर काढा, घरासोबत विकू नका.

५. पहिल्या पावसाची संध्याकाळ वाया घालवू नका.

मृगाच्या सरी पडल्या की दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडलेला असतो. बाहेरून दिव्याला आले असतील तर काळजी नाही. पण खिडक्या बंद असताना ते फरशीच्या सांध्यातून किंवा चौकटीतून निघत असतील, तर वसाहत घराच्या आत किंवा पायाखाली आहे. चारही पंख एकसारखे लांब आणि कंबर जाड असेल तर वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक असेल तर मुंगी. घर विकायचं असेल तर जूनमध्ये मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

६. फवारा म्हणजे उपचार नव्हे.

शेपाचशे रुपयांत चौकटीवर वास मारणारं पाणी शिंपडून जाणारे खूप आहेत. रॉकेल ओतणारेही आहेत; त्याने वाळवी जागा बदलते, आणि आग लागायची भीती वेगळीच. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा भाग ३. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात १ लिटरपर्यंत औषध सोडायचं असतं. म्हणजे फुटाफुटावर ड्रिल. एवढं करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का, ते विचारा. बिलावर औषधाचं नाव, तारीख, आणि हमी नव्या मालकाला लागू राहील असं वाक्य घ्या.

आणि हौद! काम करणाऱ्याला हौदाची जागा आधी दाखवा. पिण्याच्या पाण्याच्या भिंतीलगत औषध सोडू देऊ नका. झिरपणारा हौद पाणी बाहेर सोडतो, तसा बाहेरचं आतही घेतो. क्रम साधा आहे: आधी हौदाचं वॉटरप्रूफिंग, मग वाळवीचं औषध. ओल तशीच ठेवून मारलेल्या औषधावर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

७. माहीत आहे ते सांगा, आणि इसार पावतीत लिहा.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ यावर स्पष्ट आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. नव्या, रेरात नोंदलेल्या इमारतीतला फ्लॅट असेल तर ताब्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष बिल्डरला दाखवता येतो आणि त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पाया भरताना वाळवीरोधक औषध मारल्याचं बिल त्याच्याकडे मागून घ्या.

सांगितल्याने सौदा मोडतो ही भीती मला पटत नाही. एका विधवा मावशींनी घेणाऱ्या जोडप्याला स्वतः न्हाणीची चौकट दाखवली, औषधाचं बिल हातात दिलं, चौकटीचा खर्च किमतीतून वजा केला. इसार त्याच संध्याकाळी झाला. झाकलेले सौदे मात्र पुढच्या पावसाळ्यात गल्लीत भांडणं होऊन उघडे पडलेले मी पाहिलेत, आणि तेव्हा चार भिंतींआडची गोष्ट सगळ्या वस्तीला कळते.

८. घराआधी घराचे कागद वाचवा.

वाळवीला कागदही चालतो. भिंतीतल्या लाकडी फडताळात, कापडी पिशवीत ठेवलेली कागदपत्रं ती पिशवीसकट फस्त करते. नोंदणी झालेलं खरेदीखत गेलं तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. पण आमच्याकडे जुने प्लॉट बॉण्डपेपरवरच घेतलेले असतात, आणि नोंदणी नसलेल्या बॉण्डची नक्कल त्या कार्यालयात असायचं कारणच नाही. एका काकांचा बॉण्ड असाच अर्धा गेला होता. गुंठेवारीच्या फाइलला जोडलेली झेरॉक्स महापालिकेत निघाली म्हणून त्यांचं निभावलं. तेव्हा विकायचा विचार मनात येताच सगळे कागद काढा, स्कॅन करा, एक प्रत मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर पाठवा, आणि मूळ प्रती पत्र्याच्या पेटीत घालून पेटी भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवा.