गुण आला, पण कशानं?

भालकी

चि. सौ. भाचीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. कलबुर्गीत तुझ्या शाळेतल्या निम्म्या बाया सोळा-सोळा तास उपाशी राहतात, एकीचं चार किलो उतरलं, म्हणून तूही करणार आणि आषाढी एकादशीपासून सासऱ्यांनाही हेच लावणार, असं म्हणालीस. तुझी मला काळजी नाही. सासऱ्यांची आहे, कारण त्यांना शुगर आहे. त्यांचं पुढे लिहितोच. आधी हे सल्ले पारखायचे कसे ते बघ.

आपल्या भागात कमी वेळा जेवायचं हे वेड लातूरहून आलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायचे. भालकी-औरादची माणसं दवाखान्यासाठी उदगीर-लातूरला जातात, ती येताना त्यांची व्याख्यानं मोबाईलमध्ये भरून घेऊन आली. दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, आणि रोज पाऊण तास चालायचं. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. ते २००४ साली अपघातात गेले. दीक्षितांनी ती गावोगाव नेली. तिकडे मुंबईत आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर नेमकं उलटं सांगत होत्या: उठल्याबरोबर काहीतरी खा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. २०१८च्या सुमारास तर घराघरांत दोन तट पडले होते. दुकानाच्या ओट्यावर यावरून एवढे वाद झाले की निवडणुकीत होत नाहीत.

पण वजन दोन्हीकडच्या माणसांचं उतरत होतं, आणि ती माणसं खोटं बोलत नव्हती. एक म्हणतो वरचेवर खाल्ल्यानंच वजन वाढतं, दुसरी म्हणते वरचेवर खाल्ल्यानंच उतरतं. दोघांचं एकदम खरं कसं असेल? मी गिऱ्हाइकांना खोदून विचारायचो, नेमकं काय बदललं म्हणून. दीक्षितवाल्यांची चहाबरोबरची बिस्किटं, फरसाण, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे बंद झालेले. दिवेकरवाल्यांचीही बिस्किटं गेलेली, रात्री दहाचं टीव्हीपुढचं जेवण आठावर आलेलं. दोघंही चालायला लागलेले. पोटात जाणारं कमी झालं, म्हणून वजन कमी झालं. तेव्हा गुण आला हे एक, आणि तो कशानं आला हे दुसरं. सांगणारा या दोन्हींची एकच पुडी बांधून देतो. आपण ती सोडून बघायची.

५५ मिनिटांचंच घे. स्वादुपिंड एकदा इन्सुलिनचं माप ओततं आणि मग ५५ मिनिटं पुन्हा ओतत नाही, म्हणून तेवढ्यात जेवून घ्यावं, असं कारण सांगतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात असं काही नाही. जेवल्यावर इन्सुलिनचा पहिला लोंढा काही मिनिटांतच येतो, आणि पुढे रक्तातली साखर चढलेली असेपर्यंत ते झिरपतच राहतं. मधे कुठलंही फाटक लागत नाही. म्हणजे हे कारण पडलं. दोनदाच जेवल्याचा फायदा मात्र पडला नाही, तो वेगळा तपासावा लागतो.

तो तपासायचा तर दुसरा गट हवा. तुझ्या शाळेतली बाई सोळा तास उपाशी राहून चार किलो उतरली; ती उपाशी न राहता तेवढंच कमी खाती तर किती उतरली असती? चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर हेच करून पाहिलं. सगळ्यांना सारखंच मोजून-मापून कमी खायला सांगितलं, फक्त एका गटानं ते सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षाअखेर त्या गटाचं सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, असा हिशोब निघाला. २०२२ साली हे छापून आलं. घड्याळ लावून कमी खाणं कुणाला सोपं जात असेल तर त्यानं खुशाल लावावं, एवढाच त्याचा अर्थ. घड्याळात वेगळं औषध नाही.

तू पाठवलेल्या व्हिडिओत नोबेलचं नाव आहे: सोळा तास उपास केला की पेशी स्वतःचा कचरा खातात, जपानी शास्त्रज्ञाला त्याबद्दल नोबेल मिळालं. नोबेल खरं आहे. योशिनोरी ओसुमींना २०१६ साली मिळालं. पण त्यांनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला, ज्यानं पाव फुगतो त्याला. पेशी आपलेच जुने भाग मोडून वापरते ती यंत्रणा त्यांनी उलगडली. माणसाला किती तास उपाशी ठेवावं, त्यानं पोट किती उतरतं, हा त्यांचा विषयच नव्हता. मोठं नाव आलं की पुढचं वाक्य दुप्पट लक्ष देऊन ऐकत जा. घोटाळा बहुतेक तिथंच असतो.

आणि ‘७ दिवसांत ७ किलो’वाले! त्यांच्यासाठी अभ्यास नको, पाटी-पेन्सिल पुरे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तुझ्यासारख्या बाईला दिवसाला लागतात दोन हजारांच्या आसपास. काहीच खाल्लं नाहीस तरी रोज एक किलो चरबी जाणार कुठून? पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो तो मुख्यतः पाण्याचा. यकृतात-स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की ते जातं आणि भाकरी खाल्ली की परत येतं. लठ्ठपणा किंवा मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. तरी असल्या पावडरींचे एजंट माझ्याही काउंटरवर डबे ठेवायला येतात.

दीक्षितांच्या बाजूनं काही गोष्टी बोलायलाच हव्यात. ते डबा विकत नाहीत. आणि सुरू करण्याआधी रक्त तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं सांगतात. गरोदर बाया, लहान मुलं, टाइप १चे मधुमेही यांनी हे करू नये, असंही सांगतात. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं हेच गळून पडतं. हा सल्ला कुणासाठी नाही, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं मी एरवीही ऐकत नाही.

आता तुझे सासरे. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो तू पाठवलास. वर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, ते सोड. खाली बारीक अक्षरांत ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन लिहिलंय. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराईडचं तसं नाही. तुम्ही जेवा, न जेवा, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतंच. सकाळी गोळी घेऊन दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिलेला म्हातारा माणूस घाम फुटून, हातपाय थरथरून पडू शकतो, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला. रमजानच्या रोज्यांवर तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेहींचा अभ्यास २००४ साली छापून आला. टाइप २च्या रुग्णांत साखर फार खाली जाण्याचं प्रमाण त्या महिन्यात एरवीच्या साडेसात पट निघालं. आमच्याकडची रोजे धरणारी बरीच गिऱ्हाइकं रमजान लागायच्या आधीच डॉक्टरांकडून गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घेतात. एकादशीवाले मात्र कुणाला विचारत नाहीत. गोळी घेतात, सकाळभर उपाशी, आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर शेंगदाण्याचा कूट. आधी साखर तळाला, मग माथ्यावर. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या.

शुगर उतरतच नाही, असंही मी म्हणत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात २०१७ साली दाखवलंय की दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन वजन उतरवल्यावर वर्षभरानं ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना मर्यादेत राहिली. पण ते सहा वर्षांच्या आतले मधुमेही होते, इन्सुलिनवर नव्हते, आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. दुसऱ्या वर्षाअखेर तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. अभ्यास करणाऱ्यांनी तोही छापला. सासऱ्यांना शुगर होऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे ते त्या लोकांत बसतच नाहीत.

तेव्हा आषाढीच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. पाकीट आणि मागचा रिपोर्ट बरोबर असू दे. एकच विचार: एकादशीला ही गोळी घ्यायची, अर्धी करायची की सोडायची? क्रिएटिनिनही बघायला सांग, मूत्रपिंड मंदावलं की ही गोळी अंगात जास्त रेंगाळते. डॉक्टर उपास नकोच म्हणाले तर सासऱ्यांशी वाद घालत बसू नकोस, मला फोनवर दे, मी समजावतो. आणि तुला करायचं असेल तर कर. फक्त वजनाच्या काट्याबरोबर कमरेला टेपही लाव. बायांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

जावईबापूंना नमस्कार सांग. येताना तुझ्याकडच्या तुरीची डाळ आण, इथली यंदा शिजेना.

तुझा,
मामा