लेकराच्या खिशात चिठ्ठी

आषाढी एकादशी आली की गावोगावचे लोक पंढरपूरला निघतात. कोणी पायी जाते, कोणी एस. टी.ने, कोणी आगगाडीने. पुष्कळ बायांच्या कडेवर लेकरू असते. थोर माणूस दमले, तहानले, तर तोंडाने सांगते. लहान मूल काय सांगणार? त्याचा विचार घरातून निघतानाच आपण केला पाहिजे.

तिकीट

एस. टी.त 5 वर्षांच्या आतील मुलाला तिकीट नाही. 5 ते 12 वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट पडते. काही जण इथे मुलाचे वय चोरतात.

कंडक्टर विचारतो, "ताई, पोराचं वय काय?"

आई म्हणते, "चार सरून पाचवं लागलंय."

तोच पोरगा म्हणतो, "आई, मी तर दुसरीत आहे!"

सारी गाडी हसते. पण ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. अर्धे तिकीट वाचते आणि मूल खोटे बोलायला शिकते. यात तोटा कोणाचा? 2023 सालच्या मार्चपासून एस. टी.त बायकांनाही अर्धेच तिकीट आहे. मग वय कशाला चोरावे?

खाणे-पिणे

पाणी घरून उकळून, गार करून न्यावे. बरोबर दशम्या घ्याव्यात. उघड्यावरचे पदार्थ मुलांना देऊ नयेत. चालत्या गाडीत लहान मुलाच्या हाती शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. गाडीला हिसका बसला की दाणा श्वासनळीत अडकतो. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्याला आईचे दूधच पुरे. त्याला वरचे पाणीही लागत नाही.

मुलाला जुलाब लागले, तर त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. म्हणून ओ. आर. एस.च्या पुड्या जवळ ठेवा. त्या आरोग्य केंद्रात मिळतात. पुडी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. ते पाणी घोट घोट पाजत राहा. तोंड कोरडे पडले, डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, तर थांबू नका. सरळ दवाखाना गाठा.

गर्दी

चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे जमतात. हातातले बोट कधी सुटते, कळत नाही. मूल रडू लागते. लोक विचारतात, "बाळ, तुझ्या आईचं नाव काय?"

मूल म्हणते, "आई."

"गाव कोणतं?"

"आमचं गाव."

आता सांगा, या लेकराला कोणाच्या हवाली करायचे?

यावर उपाय सोपा आहे. एक चिठ्ठी लिहा. तिच्यात एवढे असावे :

मुलाचे नाव : ........
आईबापाचे नाव : ........
गाव, तालुका, जिल्हा : ........
मोबाईल नंबर, दोन माणसांचे : ........

आषाढात पाऊस असतो. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि आतल्या खिशात शिवून टाका. वरून दिसेल अशी लावू नका. नाव वाचून कोणीही परका मुलाला ओळखीच्या माणसासारखी हाक मारील. निघताना मुलाचा अंगावरच्या कपड्यांसह मोबाईलवर फोटो काढा. मुलाला शिकवा : "चुकलास तर पळू नको. तिथंच उभा राहा. पोलिसाला सांग." चुकलेले मूल दिसले, तर 1098 या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. रेल्वेत असाल तर 139 नंबर आहे.

पूर्वी अशी चिठ्ठी लिहून घ्यायला मास्तर शोधावा लागे. आता तुम्हांला अक्षर येते. आपल्या लेकराची चिठ्ठी आपल्याच हाताने लिहा. शिकल्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

प्रश्न

1. एस. टी.त किती वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट पडते?
2. मीठ-साखरेचे पाणी कसे करावे?
3. चिठ्ठी वरून दिसेल अशी का लावू नये?
4. आपल्या मुलासाठी किंवा नातवंडासाठी चिठ्ठी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.