स्टीअरिंग जड झालं म्हणून पंप बदलू नका

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात लहान ट्रॅक्टरची दुरुस्ती करणाऱ्याकडे हंगामात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे स्टीअरिंगची. आठ-नऊ फुटी ओळीतून फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर दिवसभर फिरतो आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला जवळजवळ जागच्या जागी वळतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, डाऊनी रोगाची भीती असली, की फवारणी थांबवून चालत नाही. अशा घाईत स्टीअरिंग जड झालं की शेतकरी म्हणतो, "मिस्त्री, पंप बदलून टाका, पण आज गाडी द्या." पंप बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि स्टीअरिंग तसंच जड राहतं. असे ट्रॅक्टर माझ्याकडे दुसऱ्या गॅरेजमधून फिरून येतात, तेव्हा वाईट वाटतं. म्हणून इतक्या वर्षांत जे हाताला कळलं, ते सांगतो.

१. पाना उचलण्याआधी प्रश्न विचारा.

चालवणाऱ्याला चार गोष्टी विचारायच्या. दोन्ही बाजूंना जड आहे की एकाच? सकाळी गार असताना जड की दुपारी तापल्यावर? इंजिन हळू असताना जड आणि रेस दिली की हलकं होतं का? आणि हे एकाएकी झालं की महिना-दोन महिने वाढत गेलं?

उत्तरांतच अर्धं निदान असतं. दोन्ही बाजूंना सारखंच जड असेल तर दोष बहुधा ऑइल, सक्शन, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे असतो, कारण या गोष्टी दोन्ही बाजूंना सामायिक आहेत. एकाच बाजूला जड असेल तर पंप निर्दोष आहे. मग दबलेला पाईप, सिलेंडर किंवा स्टीअरिंगच्या चक्राखालचं युनिट बघायचं. सकाळी ठीक आणि तापल्यावर जड, म्हणजे ऑइल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून आतल्या आत निसटतंय. एकाएकी झालं असेल तर काहीतरी तुटलंय, अडकलंय किंवा सांडलंय.

काही लहान ट्रॅक्टरना एका बाजूला रॉड असलेला सिलेंडर असतो. रॉडच्या बाजूला ऑइलला जागा कमी मिळते, म्हणून एका दिशेला चक्राचे फेरे कमी लागतात आणि दुसऱ्या दिशेला जास्त. हा बिघाड नाही. नव्या गाडीतही ते तसंच असतं. मालकाला हे समजावून सांगितलं की एक फुकटची दुरुस्ती वाचते.

२. हायड्रॉलिकला हात लावण्याआधी चाकं बघा.

पहिल्यांदा फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर. तो लागलेला राहिला आणि गाडी कडक जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर आली, तर पुढची चाकं वळायला विरोध करतात, कारण त्यांचा वेग मागच्या चाकांपेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. लिव्हर काढला की स्टीअरिंग हलकं होतं. मग पुढच्या टायरची हवा. त्यानंतर पुढचा ॲक्सल जॅकवर उचलायचा, सिलेंडरचा रॉड टाय रॉडपासून सोडवायचा आणि चाक हातानं फिरवायचं. इथंच अडकत असेल तर किंगपिनचं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा गंजलंय. त्यात ऑइलचा काही संबंध नाही.

याच्या उलटही होतं. मागं भरलेला ब्लोअर असला की पुढची चाकं हलकी होतात. चक्र फिरतं, चाकंही वळतात, पण ओल्या मातीत गाडी सरळच जाते. चालक म्हणतो स्टीअरिंग लागत नाही. तिथं पुढं वजनं टाकायला हवीत.

३. टाकीचं झाकण उघडा आणि थोडा वेळ बघत राहा.

पातळी तर सगळेच बघतात. रंग आणि फेस बघणारे थोडे. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. बागेतला ट्रॅक्टर प्रेशर पंपानं धुताना पाण्याची धार ब्रीदरवर मारली की हे होतं. फेस असेल तर हवा ओढली जातेय. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे ऑइल फार तापलंय. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ऑइल सतत राहिलं की रबराची सील भराभर कडक होतात. तापण्याचं एक नेहमीचं कारण चालकाच्या सवयीत असतं. चक्र शेवटपर्यंत वळवून तसंच दाबून धरलं की सगळं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून दाबानं जातं आणि तापतं. टोकाला पोचलं की चक्र जरासं मागं सोडायचं, एवढं चालकाला सांगून ठेवा.

ऑइलचा ग्रेडही तितकाच महत्त्वाचा. डब्यावरचा ४६ किंवा ६८ हा आकडा ४० अंशांना ऑइल किती घट्ट असतं ते सांगतो. तीन दुकानांतली तीन ऑइलं एका टाकीत ओतलेली मी पाहिली आहेत. पुस्तिकेत असेल तेच टाका. मिळत नसेल तर एक दिवस थांबा.

४. सक्शनची गळती बाहेर दिसत नाही.

टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाईपात ऑइल ओढलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून तिथं क्लॅम्प ढिला असला तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चिरलेल्या नळीनं उसाचा रस ओढल्यासारखा प्रकार. पंप किंकाळतो, स्टीअरिंग धक्के देतं, टाकीत फेस येतो आणि जमिनीवर एक थेंबही नसतो. क्लॅम्प आवळा, जुना पाईप बदला, टाकीतली जाळी काढून धुवा. पंप बदलायला निघालेले कितीतरी ट्रॅक्टर या एका कामावर बरे होतात.

५. पंपाला दोष देण्याआधी गेज लावा.

पंपातून येणाऱ्या लाईनवर टी जोडून गेज लावायचं, ऑइल थोडं तापू द्यायचं, चक्र टोकापर्यंत वळवून काही सेकंद धरायचं आणि आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघायचा. दाब पूर्ण येतोय आणि तरी स्टीअरिंग जड आहे, तर दोष यंत्राच्या सांध्यात आहे, पुन्हा दुसऱ्या मुद्द्याकडे जा. हळू इंजिनवर दाब कमी आणि रेस दिल्यावर भरून येतो, तर पंप झिजलाय, आता तो बदलायला हरकत नाही. कितीही रेस दिली तरी दाब एका ठिकाणी अडकतो, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा बसलाय, त्याची स्प्रिंग गेलीय किंवा ऑइल पुढं कुठंतरी आतून निसटतंय.

पंपाची बाहेरची लाईन सरळ बंद करून दाब बघण्याची पद्धत काही जण वापरतात. ती करू नका. पुष्कळ गाड्यांत रिलीफ व्हॉल्व्ह स्टीअरिंग युनिटमध्येच असतो. त्याच्या आधी लाईन बंद केली तर दाबाला वाट राहत नाही आणि पंपाचं घर किंवा पाईप फुटतो.

६. सिलेंडर की युनिट?

सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चक्र फिरत राहतं पण चाकं वळत नाहीत, किंवा चक्र टोकाला धरलं तरी हळूहळू सरकत राहतं, ही लक्षणं सिलेंडरच्या पिस्टन सीलचीही असतात आणि युनिटच्या झिजेचीही. बाहेरून फरक दिसत नाही. पण दोन्ही वेगळे करून बघता येतात.

चक्र एका टोकाला न्या, इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंना चक्र हलवून दाब मोकळा करा. मग सिलेंडरच्या ज्या बाजूनं ऑइल परत येतं तिकडचा पाईप सोडा, सुटलेल्या पाईपाला लोखंडी प्लग लावा आणि सिलेंडरच्या तोंडाखाली स्वच्छ भांडं धरा. इंजिन हळू चालू करून चक्र त्याच टोकाकडे दाबून धरा. पिस्टन आधीच टोकाला असल्यामुळे सील चांगलं असेल तर त्या तोंडातून थेंब-दोन थेंबांपेक्षा जास्त काही येत नाही. ऑइल वाहत राहिलं तर पिस्टनचं सील गेलंय. सील किट आणा, युनिटला हात लावू नका.

सिलेंडर चांगला निघाला तर पुढची तपासणी. सिलेंडरला जाणारे दोन्ही पाईप सोडून त्यांच्या तोंडांना पंपाच्या दाबाला टिकणारे लोखंडी प्लग लावा. लाकडाची खुंटी चालणार नाही. आता इंजिन चालू करून चक्र वळवलं तर ते घट्ट थांबलं पाहिजे. तरीही घसरत फिरत असेल तर युनिट झिजलंय.

ही दोन्ही कामं दोन माणसांनी करायची, एक चक्रावर आणि एक खाली. खालच्यानं चाकांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

७. युनिट उघडायचं असेल तर खूण केल्याशिवाय नाही.

चक्राच्या दांड्याखाली जे युनिट असतं त्यात सहा दातांचा रोटर सात खाचांच्या कड्यात फिरतो. चक्र जितकं वळवाल तितकंच ऑइल तो मोजून सिलेंडरकडे सोडतो. रोटर आणि आतला दांडा यांची जुळणी ठरलेली असते. ती चुकली तर इंजिन सुरू करताच चक्र आपोआप गरागरा फिरू लागतं. हात अडकला तर मनगट मोडेल इतक्या जोरानं. म्हणून उघडण्याआधी घर, कडं आणि झाकणावर एक सरळ रेघ मारा, प्रत्येक थराचा फोटो काढा, आणि पहिल्यांदा सुरू करताना चक्रापासून हात लांब ठेवा.

युनिटच्या आतल्या स्पूल आणि स्लीव्हमधली फट माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असते. तिथं कॉटन वेस्टचा धागा गेला तरी स्पूल अडकतो. जोडांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याचे तुकडे तुटून आत जातात. जोड गळत असेल तर ओरिंग किंवा कॉपर वॉशर बदला.

८. गळती हातानं शोधू नका.

दाबाखालच्या पाईपाला सुईएवढं भोक असलं तरी त्यातून येणारं ऑइल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडतं. असं झालं तर घरी मलम लावून बसू नका, लगेच इस्पितळात जा आणि "हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

९. जोडल्यावर हवा काढा.

पुढची चाकं उचला, इंजिन हळू ठेवा, चक्र सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा, फेस थांबेपर्यंत. मधूनमधून टाकी भरत राहा. हे काम घाईनं होत नाही.

१०. पाईपाची किंमत जिवाशी लावून बघा.

या स्टीअरिंगमध्ये चक्र आणि चाकं यांच्यात लोखंडाचा दांडा नसतो. मध्ये असतं ते फक्त ऑइल. इंजिन बंद पडलं तर जोर लावून थोडंफार वळवता येतं, पण सिलेंडरचा पाईप फुटला तर तेही नाही. द्राक्षाच्या क्रेटनी भरलेली ट्रॉली मागं असताना उतारावर हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको. पाईपाच्या रबराला भेगा दिसल्या, आतली तार उघडी पडली, की तो त्याच दिवशी बदला.

बागेत आणखी एक शत्रू आहे. मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा थर सिलेंडरच्या रॉडवर वाळतो आणि पुढच्या वळणाला तोच थर सीलवर घासतो. फवारणी झाली की रॉड ओल्या फडक्यानं पुसून घ्या. एक मिनिटाचं काम आहे, पण त्यानं सीलचं आयुष्य वाढतं.

ऑक्टोबर छाटणीच्या आधीच्या आठवड्यात ब्लोअरचे नोझल तपासता ना, त्याच दिवशी स्टीअरिंगचं ऑइल आणि फिल्टर बघून घ्या, जाळी धुवा, क्लॅम्प आवळा, पाईपांवरून नजर फिरवा. आणि एवढं करूनही गाडी गॅरेजला न्यावीच लागली, तर मिस्त्रीला पंप बदलायला सांगण्याआधी विचारा, "गेज लावलं का?"