यंत्रमानव आणि मानवी प्रेम

मनुष्य आणि बुद्धिमान यंत्र यांच्या प्रेमाची कल्पना दूरचित्रवाणीने घराघरांत नेली. अशा कथांत यंत्राचे प्रेम कसे पारखावे? वियोगाने कोणाचे काय हरपते, हे पाहणे ही एक सोपी कसोटी होय.

१९५९ साली अमेरिकेतील ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेत ‘द लोनली’ ही कथा दाखविली गेली. ओसाड लघुग्रहावर शिक्षा भोगणाऱ्या कॉरी नामक कैद्यास ॲलिशिया ही यंत्रस्त्री देण्यात येते. प्रथम तो तिचा तिरस्कार करतो. पुढे तिच्यावाचून त्यास करमेनासे होते. सुटकेच्या वेळी यानात तिच्या वजनास जागा नसते. तो तिला सोडीत नाही, तेव्हा कप्तान तिच्यावर गोळी झाडतो आणि चेहऱ्याआडच्या तारा उघड्या पडतात. कॉरीचे दुःख मात्र खरेच असते.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या १९९१ सालच्या ‘इन थिअरी’ या भागात डेटा हा यंत्रमानव जेना हिच्यासाठी प्रियकराच्या वर्तनाची आज्ञावली रचतो. त्याच्या ठायी भावना नाही हे ओळखून ती संबंध तोडते. तो शांतपणे ती आज्ञावली पुसण्यास सिद्ध होतो. त्याचे काहीच हरपत नाही.

भारतात २०१६ साली ‘लाइफ ओके’ वाहिनीवर ‘बहू हमारी रजनीकांत’ ही हिंदी मालिका सुरू झाली. शान हा शास्त्रज्ञ रजनी ही यंत्रस्त्री घडवितो आणि ती त्याच्या घरी सून म्हणून वावरू लागते. मुंबई असो वा रायपूरचा बूढापारा, सासू-सुनेचे घर प्रेक्षकास परके नाही. न थकणारी, सांगितलेले तंतोतंत करणारी सून यंत्र असेल, तर विनोदाचा रोख यंत्रावर आहे की तसल्या अपेक्षांवर, याचा विचार वाचकाने करावा.

यास प्रयोगशाळेतील आधारही आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याच्या वाक्यातील ठराविक शब्द हेरून ती त्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करी. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. तिची घडण ठाऊक असूनही खुद्द त्यांच्या सचिव स्त्रीने, संभाषण एकांतात व्हावे म्हणून, त्यांस खोलीबाहेर जाण्यास सांगितले.

आजच्या आज्ञावल्या अफाट लेखनसामग्रीवरून पुढील संभाव्य शब्द काढतात; म्हणून त्यांचे बोलणे पुष्कळ सफाईदार असते. परंतु सफाई हा भावनेचा पुरावा नव्हे. जिव्हाळा वाटण्यास समोर मन असावेच लागते असे नाही. ऐकणाऱ्याचे एकाकीपण त्यास पुरेसे असते. म्हणून यंत्राची परीक्षा करताना त्या एकाकीपणाचीही विचारपूस व्हावयास हवी.